ध्यास आगबोटीचा

इ. स. १८३३ साली मुंबईत एक लहानसे जहाज पाण्यात उतरविण्यात आले. त्याचा भार जेमतेम ६० टन होता. ज्या गोद्यांतून इंग्लंडच्या आरमारासाठी ७४ तोफांच्या युद्धनौका बाहेर पडल्या होत्या, तेथल्या कारागिरांना ते एखाद्या खेळण्यासारखे वाटले असेल. तरीही या जहाजात एक नवी गोष्ट होती. शिडात वारा भरण्याची वाट पाहणे त्याला भाग नव्हते, कारण त्याच्या पोटात वाफेचे इंजिन बसविलेले होते. ते बांधणारा तरुण अवघा पंचवीस वर्षांचा होता. जहाजाची आखणी, बांधणी आणि इंजिनाची जोडणी या साऱ्या गोष्टी त्याने कोणाही यूरोपीय माणसाचे साहाय्य न घेता पार पाडल्या होत्या. जहाजाचे नाव होते 'इंडस' आणि त्या तरुणाचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. जहाजबांधणी हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय होता. सन १७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी हे कुशल कारागीर सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीसाठी येथील गोदीचा पाया घातला. गुजरातेत जहाजे बांधणाऱ्या सुताराला वाडिया म्हणत; तेच पुढे या घराण्याचे आडनाव झाले. लवजींच्या वंशजांनी शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या गोदीत मुख्य जहाजबांधकाचे पद सांभाळले. मलबारच्या जंगलातला साग आणि या घराण्याचा हात, या दोहोंच्या जोरावर मुंबईची जहाजे जगभर नावाजली गेली. ओकच्या लाकडापेक्षा साग पाण्यात अधिक टिकतो, हे इंग्रजांनीही मान्य केले होते. १८१७ साली येथे बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे.

अशा घरात वाढलेल्या मुलाचा मार्ग जणू जन्मापासूनच ठरलेला असतो. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ साली, अर्देशीर गोदीत शिकाऊ म्हणून दाखल झाले. तळकण्याचे लाकूड कसे निवडावे, बरगड्यांना बाक कसा द्यावा, तक्त्यांच्या फटी कशा बुजवाव्यात, हे ज्ञान पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते वडीलधाऱ्यांच्या हाताकडे पाहून आत्मसात करावयाचे होते आणि अर्देशीर यांनी ते केले. परंतु त्यांचे लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीने वेधून घेतले होते. ती गोष्ट म्हणजे वाफ.

त्या काळात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आगबोटी नुकत्याच दिसू लागल्या होत्या. मुंबईतच वाडिया घराण्यातील नवरोजी जमशेटजी यांनी 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची आगबोट बांधली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून निघाली आणि एडनमार्गे सुएझला पोहोचली. एडन गाठेपर्यंत तिच्यातील कोळसा जवळजवळ संपत आला होता. तरीही इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर वाफेने कमी होऊ शकते, हे त्या प्रवासाने सिद्ध झाले. या बोटीचा सांगाडा मुंबईचा असला, तरी तिची इंजिने इंग्लंडहून आली होती आणि ती चालविणारेही इंग्रज होते. आपल्या घराण्याने बांधलेल्या जहाजाच्या पोटात असे एक यंत्र बसले आहे, की ज्याचे मर्म आपल्यातील कोणालाच ठाऊक नाही, ही स्थिती अर्देशीर यांच्यासारख्या जिज्ञासू तरुणाला स्वस्थ बसू देणारी नव्हती.

वाफेच्या यंत्राचे शिक्षण देणारी एकही शाळा तेव्हा मुंबईत नव्हती. गोदीत ते शिकण्याची सोय नव्हती आणि कोणी एखादे इंजिन खोलून पाहण्यासाठी त्यांच्या हाती सोपविण्याचाही प्रश्न नव्हता. तेव्हा अर्देशीर यांनी शिकण्याचा एक सरळ पण खर्चिक मार्ग पत्करला. त्यांनी स्वतःच एक इंजिन तयार करावयाचे ठरविले.

हे इंजिन केवळ एका अश्वशक्तीचे होते. आजच्या घरगुती पाण्याच्या पंपाएवढीच त्याची ताकद. पण ते घडविणे किती अवघड होते, याची कल्पना यंत्राची रचना पाहिल्यावर येते. बंद भांड्यात, म्हणजे बॉयलरमध्ये, पाणी उकळून वाफ करावयाची. ती दाबाखाली एका नळकांड्यात सोडावयाची. नळकांड्यातील दट्ट्या वाफेच्या जोराने मागेपुढे सरकतो आणि त्याला जोडलेला दांडा चाक फिरवितो. ऐकण्यास हे सोपे वाटते. परंतु नळकांडे आतून तंतोतंत गोल नसेल, तर वाफ दट्ट्याच्या कडेने निसटून जाते आणि यंत्र नुसते फुसफुसत राहते. दट्ट्या फार घट्ट बसला, तर तो हलतच नाही. बॉयलरचा एखादा सांधा कच्चा राहिला, तर जिवावरच बेतते. केसाएवढ्या फरकाने सारे श्रम वाया जावेत, असे हे काम. सागाचा तक्ता थोडा अधिक तासला गेला, तर कुशल सुतार तो सांभाळून घेऊ शकतो. ओतलेले लोखंड अशी सवलत देत नाही. पुढे अर्देशीर यांनी आपल्या राहत्या जागीच एक लहान ओतशाळा उभारली आणि तेथे जहाजांवर लागणाऱ्या लोखंडी टाक्या तयार होऊ लागल्या. सुतारांच्या घराण्यात लोहाराची भट्टी पेटली.

लहान इंजिनाने दिलेला आत्मविश्वास पाठीशी घेऊन त्यांनी बोटीचा विचार सुरू केला. बोटीला चालना देऊ शकेल एवढे मोठे इंजिन मुंबईत ओतणे तेव्हा शक्य नव्हते. म्हणून त्यांनी दहा अश्वशक्तीचे एक इंजिन इंग्लंडहून मागविले. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. यंत्र विकत आणणे आणि ते बोटीत बसवून चालते करणे यांत फार मोठे अंतर आहे.

आज एखाद्या हौशी माणसाला लहान नाव बांधावयाची असेल, तर तो प्लायवूडचे तक्ते नकाशाप्रमाणे कापतो, ते कडेला कडा लावून जोडतो आणि त्यांवर काचतंतूंचे कापड पसरून राळेचा लेप देतो. लेप वाळला की नाव हलकी, मजबूत आणि जलाभेद्य होते. घराच्या अंगणात, काही महिन्यांच्या मोकळ्या वेळात हे काम होऊ शकते. १८३३ साली यांतील काहीच उपलब्ध नव्हते. प्रत्येक तक्ता करवतीने हातांनी कापावा लागे, प्रत्येक बरगडी तासून घडवावी लागे आणि फटींमध्ये कापूस व राळ ठासून पाणी अडवावे लागे. ६० टनांचे जहाज हे हौशी नावेपेक्षा कितीतरी मोठे. पण दोहोंमध्ये एक अडचण समान आहे. नाव जितकी लहान, तितकी ती भाराच्या बाबतीत हळवी. मोठ्या जहाजात इंजिन हातभर पुढेमागे झाले, तरी फारसे बिघडत नाही. लहान बोटीत तेवढ्याने नाळ पाण्यात बुडते किंवा वर उचलली जाते.

शिडाच्या जहाजाची आणि आगबोटीची बांधणी यांतही मूलभूत भेद होता. शिडाच्या जहाजावर सारा जोर डोलकाठ्यांमधून खाली उतरतो. आगबोटीत तो जोर बोटीच्या मध्यभागी, इंजिनाच्या बैठकीवर एकवटतो. यंत्र चालू झाले की सारा सांगाडा थरथरू लागतो आणि एरवी वर्षानुवर्षे घट्ट राहणारे सांधे सैल होतात. त्यामुळे तळाची लाकडे अधिक भक्कम घ्यावी लागत. शिवाय लाकडी बोटीत विस्तव पेटवावयाचा, म्हणजे बॉयलरच्या भोवती आगीपासून बचाव करावयाचा. कोळशाचा साठा जसजसा जळून कमी होतो, तसतशी बोट हलकी होऊन वर येते, याचाही हिशेब करावा लागे. पाण्याखाली फिरणारा पंखा तेव्हा अजून प्रचारात आलेला नव्हता. आगबोटींच्या दोन्ही कुशींना मोठी वल्हीचाके असत. बोट खूप खाली बसली, तर चाके पाण्यात रुतत. फार वर आली, तर ती नुसती हवेत फिरत.

या सर्व प्रश्नांची उत्तरे घराण्याच्या परंपरेत मिळण्यासारखी नव्हती. परंपरेने अर्देशीर यांना सांगाडा दिला होता. यंत्राचे गणित त्यांना स्वतः जुळवावे लागले. ते त्यांनी जुळविले आणि 'इंडस' चालली.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, त्यांनी मुंबईकरांना आणखी एक नवल दाखविले. माझगावातील आपला बंगला आणि बाग त्यांनी वायूच्या दिव्यांनी उजळून टाकली. बंद पात्रात दगडी कोळसा तापवून त्यातून निघणारा वायू शुद्ध करून नळ्यांवाटे दिव्यांपर्यंत नेण्याची ही पद्धत इंग्लंडमध्ये रूढ झाली होती. मुंबईत मात्र तेव्हा घरोघर खोबरेल तेलाचे दिवे लागत. हा प्रकाश पाहण्यासाठी खुद्द मुंबईचे गव्हर्नर माझगावला आले. मुंबईच्या रस्त्यांवर असे दिवे लागण्यास त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. बागेला पाणी देण्यासाठी वाफेच्या पंपाचा उपयोग करून दाखविणारेही मुंबईत तेच पहिले. याच सुमारास त्यांनी एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांना यंत्रशास्त्र व रसायनशास्त्र यांचे प्रात्यक्षिक ज्ञान देण्याच्या कामीही हातभार लावला. जे ज्ञान मिळविण्यासाठी आपल्याला चाचपडावे लागले, ते दुसऱ्यांना सुलभ व्हावे, असे त्यांना वाटले असावे.

एवढे सर्व करूनही आपले शिक्षण अपुरे आहे, ही जाणीव त्यांना होती. १८३९ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते इंग्लंडला निघाले. त्यांचे दोन आप्त, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, जहाजबांधणी शिकण्यासाठी आधीच तेथे गेले होते. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. सुएझपर्यंत समुद्रमार्गे, तेथून खुष्कीने इजिप्त ओलांडून पुन्हा भूमध्य समुद्रातून, असा तो खडतर प्रवास होता. इंग्लंडमध्ये त्यांनी गोद्या पाहिल्या, आगबोटींची इंजिने बनविणारे कारखाने पाहिले, स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या सभांना ते उपस्थित राहिले. या प्रवासाची व वास्तव्याची त्यांची इंग्रजी रोजनिशी १८४० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली.

या दौऱ्याचे फळ दुहेरी मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांची मुंबईच्या बाष्पयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक म्हणून नियुक्ती केली. आणि २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. दुसऱ्या भारतीयाला, म्हणजे गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांना, हा मान १९१८ मध्ये मिळाला. मध्ये ७७ वर्षांचा काळ लोटला होता. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अर्देशीर हे रामानुजन यांच्याप्रमाणे नवे सिद्धांत मांडणारे शास्त्रज्ञ नव्हते. त्या काळी सोसायटीत निव्वळ संशोधकांप्रमाणेच विद्येची आवड असणाऱ्या प्रतिष्ठित व्यक्तींनाही प्रवेश मिळत असे. परंतु त्यांची शिफारस करणाऱ्या पत्रात जी कामगिरी नोंदविली गेली, ती प्रत्यक्ष हातांनी केलेली होती: मुंबईतील वायूचे दिवे, लहान वाफेचे यंत्र, आणि यूरोपीय साहाय्यावाचून बांधलेले ६० टनांचे ते जहाज. ज्या बोटीकडे मुंबईची बडी गोदी कदाचित कौतुकमिश्रित हसूनच पाहत असेल, तिच्यामुळे लंडनचे दार उघडले.

मुंबईतील काम मात्र सोपे नव्हते. १८४१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी कारखान्याची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या अधिकाराखाली देशी कारागिरांबरोबर यूरोपीय फोरमन, यंत्रकार आणि बॉयलर बांधणारे होते. एका हिंदी माणसाच्या हुकमात गोऱ्या माणसांनी काम करावयाचे, ही कल्पना त्या काळच्या सत्ताधारी समाजाला पचणारी नव्हती. मुंबईतील एका इंग्रजी वृत्तपत्राने या नेमणुकीवर उघड टीका केली. माणूस कितीही योग्य असला, तरी तो देशी आहे, एवढीच हरकत पुरेशी मानली गेली. अशा विरोधाला उत्तर कसे द्यावे? अर्देशीर यांनी वादविवादापेक्षा काम पत्करले. एक-दोन वर्षे नव्हे, तर सोळा वर्षे ते त्या पदावर राहिले. कंपनीच्या आगबोटींची इंजिने त्यांच्या देखरेखीखाली दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रावर जात राहिली.

१८४९ मध्ये ते पुन्हा परदेशी गेले. या वेळी त्यांनी अमेरिकेचाही प्रवास केला आणि लाकूड कापण्याची यंत्रे पाहून ती मुंबईसाठी घेतली. पिढ्यान्‌पिढ्या हातकरवतीवर चाललेल्या गोदीच्या दृष्टीने ही मोठी घटना होती. शिवणयंत्र, छायाचित्रण, विजेच्या साहाय्याने धातूवर मुलामा चढविणे, अशा कितीतरी गोष्टी मुंबईला त्यांनी दाखविल्या. फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी आणखी एक आगबोट पाण्यात सोडली. या वेळी इंजिन इंग्लंडहून मागविण्याची गरज राहिली नव्हती. बोटीचे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. अठरा वर्षांपूर्वी जे मुंबईत शक्य नव्हते, ते आता शक्य झाले होते. बोटीला त्यांनी नाव दिले 'लवजी फॅमिली'.

सुरतेहून आलेल्या त्या मूळ पुरुषाचे नाव लोखंडी यंत्राच्या बोटीला द्यावे, यात अर्देशीर यांच्या मनातील काही भाव व्यक्त होतो, असे मानण्यास जागा आहे. कारण ज्या वाफेचा त्यांनी ध्यास घेतला, तीच त्यांच्या घराण्याच्या वैभवाचा शेवट घडविणारी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सागाची जागा लोखंडाने आणि शिडाची जागा इंजिनाने घेतली. लोखंडाची जहाजे इंग्लंडमध्ये, कोळसा आणि लोखंड यांच्या खाणींजवळ, स्वस्तात तयार होऊ लागली. मुंबईच्या गोदीत नवीन बांधणी कमी होत गेली आणि दुरुस्तीचे काम तेवढे वाढले. हिंदुस्थानात त्या काळी पोलादाचे मोठे कारखाने नव्हते. ते पुढे विसाव्या शतकात उभे राहिले. १९५९ साली जिची पहिली झोतभट्टी पेटली, त्या भिलाईच्या कारखान्याने, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांच्या जोडीने, 'विक्रांत' या विमानवाहू युद्धनौकेसाठी पोलाद पुरविले. कोची येथे बांधलेली ही नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. अर्देशीर यांना हाताशी असे पोलाद कधीच मिळाले नाही.

वाफ येणार आणि साग जाणार, हे मुंबईच्या गोदीत प्रथम ज्यांनी ओळखले, त्यांत अर्देशीर होते. वडिलोपार्जित विद्येला कवटाळून बसण्याऐवजी त्यांनी नवी विद्या जोडली. परंतु एका माणसाने विद्या आत्मसात केल्याने देशाचा उद्योग उभा राहत नाही. त्यासाठी लागणारी सत्ता आणि भांडवल परक्यांच्या हाती होते.

१८५५ मध्ये सरकारने त्यांना 'जस्टिस ऑफ दि पीस' हा मान दिला. १८५७ साली ते कारखान्यातून निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला जाऊन राहिले. मुंबईत पत्नी आवाबाई व मुलेबाळे असताना त्यांनी मॅरियन बार्बर या इंग्रज स्त्रीबरोबर दुसरा संसार मांडला होता. त्यांच्या आयुष्याचे हे दोन भाग दोन देशांत विभागलेले राहिले.

तरीही एकदा ते कामासाठी हिंदुस्थानात परतले. सिंधू नदीतून आगबोटींची वाहतूक करणाऱ्या इंडस फ्लोटिला कंपनीने १८६१ मध्ये त्यांची मुख्य अभियंता म्हणून नेमणूक केली. सिंधूला इंग्रजीत इंडस म्हणतात. पंचविसाव्या वर्षी आपल्या पहिल्या बोटीला त्यांनी ज्या नदीचे नाव दिले होते, त्याच नदीवरील आगबोटींची यंत्रे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांच्या देखरेखीखाली आली. दोन वर्षे हे काम करून १८६३ मध्ये ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि लंडनजवळील रिचमंड येथे स्थायिक झाले. तेथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वाची तारीख साधून भारताच्या टपाल खात्याने २७ मे १९६९ रोजी त्यांच्या स्मरणार्थ एक तिकीट काढले. माझगावची गोदी तेव्हा भारत सरकारच्या मालकीची झालेली होती आणि तेथे पुन्हा जहाजे बांधली जात होती.